पाहुण्यांचं वायफाय

मांजलपूरहून रोज बाबांच्या हरणीतल्या घरी डबा घेऊन येणाऱ्या नीलिमाला त्यांच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापायचा होता, पण तिच्या फोनवर प्रिंटर काही केल्या दिसेना. शेवटी तिने कॅनडातल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "ताई, तू पाहुण्यांच्या वायफायवर आहेस," मोहना म्हणाली. "तिथून प्रिंटर दिसत नाही. घरच्यांचं वायफाय वेगळं, मीच दिवाळीत करून दिलंय. पासवर्ड बाबांनी ठरवलाय, त्यांना विचार." वर्षातून आठ दिवस येणारी घरची आणि रोज येणारी मी पाहुणी? नीलिमाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांनी पंचांगात जपून ठेवलेली चिठ्ठी काढली. "कुणालाही दाखवत नाही मी ही," ते म्हणाले, "पण तू काय, घरचीच." नीलिमाने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग दातओठ खात तिने एकेक अक्षर दाबत बहिणीचं नाव टाकलं. प्रिंटर लगेच सुरू झाला.