मॅटाडोर काय म्हणाला

"आता हा काय म्हणाला?" राजाभाऊंनी विचारलं.

सोफ्यावर ते मधोमध बसले होते. डावीकडे मुलगा सत्यजित, उजवीकडे सून ऊर्मिला. समोर टीव्हीवर जरीच्या जाकिटातला मॅटाडोर एका नटीचा हात धरून घडाघडा जर्मन बोलत होता. बैलांशी झुंजणारा हा गडी स्पेनचा, पण स्टुटगार्टच्या टीव्हीवर यायचं म्हणजे त्यालाही जर्मन बोलणं भागच होतं.

"आल्झो... म्हणजे, तो म्हणतोय," सत्यजितनं भिंतीकडे बघत सांगितलं, "तुझ्याशिवाय मला घास उतरत नाही."

"आणि ती?"

"ती म्हणतेय," ऊर्मिलानं खिडकीकडे बघत सांगितलं, "हे आधी का नाही बोललास?"

नवरा-बायकोत नऊ दिवसांत झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण होतं.

न्युरेम्बर्गच्या एका कंपनीनं ऊर्मिलाला नोकरी देऊ केली होती. चार वर्षं वाट पाहून मिळालेलं, अगदी मनासारखं काम. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. सत्यजितची नोकरी इथेच, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, ती सोडणं शक्य नव्हतं. आठवड्यातले पाच दिवस वेगळं राहायचं म्हटल्यावर तो भडकला आणि "मग लग्न कशाला केलं?" असं बोलून बसला. उत्तर द्यायला तीही काही कमी नव्हती. तेव्हापासून घरात अबोला. दूध संपलं की "बाबा, त्याला सांगा." कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा की "बाबा, तिला विचारा." राजाभाऊ बिचारे दोन महिने मुलाकडे राहायला आले आणि त्यांचा पोस्टमन झाला.

राजाभाऊ विट्याचे. सत्तावीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते. आल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी बिघडलेलं वॉशिंग मशीन उघडून चालू करून दिलं होतं. रिमोटपुढे मात्र त्यांनी हात टेकले. "एवढी बटणं कशाला हवीत?" म्हणत ते तो ऊर्मिलाच्या हातात देत. दिवसभर घरात एकटेच असत. वेळ कसा जातो विचारलं, तर म्हणत, "बसतो आपला."

हा सिनेमा त्यांनीच निवडला होता. चित्रात बैल दिसला म्हणून. रोज संध्याकाळी चहा झाला की अर्धा तास बघायचा. भाषा कळत नसल्यामुळे त्यांची एकच अट होती, पुरुषांचं सत्यजितनं सांगायचं आणि बायकांचं ऊर्मिलानं. एकानंच सगळं सांगितलं, तर कोण बोललं ते समजत नाही म्हणे.

पहिले दोन दिवस त्यांचं सगळं लक्ष बैलाकडे होतं. "वशिंडच नाही याला! आणि नाव काय याचं?" नाव काही नव्हतं. ते राजाभाऊंना फार लागलं. बेंदराला, बैलांच्या सणाला, ज्याच्या पाया पडायचं, त्याला साधं नावही ठेवू नये? तिसऱ्या दिवशी बैल रिंगणात यायच्या आधीच त्यांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला. त्यांचा हा हळवेपणा बघून ऊर्मिलाला भरून आलं.

रविवारी गोष्ट रेल्वे स्टेशनवर पोचली. नटीला माद्रिदच्या नाटकात काम मिळालं होतं. तिची पेटी गाडीत चढली होती. मॅटाडोर धावत आला, फलाटावर गुडघे टेकले आणि ओरडला.

ऊर्मिलाला शब्द न् शब्द कळला. जाऊ नकोस, म्हणत होता तो. गेलीस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. आता हेच वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हा काय म्हणाला?" राजाभाऊंनी विचारलं.

सत्यजितनं घसा खाकरला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं बायकोकडे सरळ बघितलं.

"तो म्हणतोय, तू जा. मी रागाच्या भरात बोललो. तू इतकी वर्षं वाट बघितलीस, आणि मी मात्र एकट्यानं जेवायला लागेल एवढंच बघत बसलो. दर शुक्रवारी गाडी पकडून मी येईन."

"त्या काळी शुक्रवारची गाडी होती?"

"होती, बाबा."

"आणि ती काय म्हणाली?"

पडद्यावर नटी चकार शब्द बोलली नव्हती. पाठ फिरवून ती गाडीत चढली होती.

"ती म्हणाली," ऊर्मिलाला डोळे पुसावे लागले, "दर शुक्रवारी नको. एकदा तू ये, एकदा मी येईन. आणि रविवारी निघताना तुला डबा बांधून देईन."

"शहाणी आहेत की!" राजाभाऊ म्हणाले. "बैलांशी भांडणाऱ्याला एवढी अक्कल असेल, असं वाटलं नव्हतं. बरं, पुढचं उद्या बघू. ऊन आहे अजून, जरा फिरून या दोघं."

घरापासून खाली जाणाऱ्या टेकडीच्या पायऱ्या उतरताना सत्यजितनं तिचा हात धरला, आणि तिनं तो धरू दिला. उद्या कंपनीला काय लिहायचं, हेही त्यांनी चालता चालता ठरवून टाकलं. पायऱ्या संपल्यावर ऊर्मिलाच्या लक्षात आलं की फोन घरीच राहिलाय.

"थांब, आलेच."

बाबांचा डोळा लागला असेल म्हणून तिनं दार हळूच उघडलं. टीव्ही चालूच होता. राजाभाऊ पाय लांब करून ऐसपैस बसले होते. तेच स्टेशन, तोच फलाट, गुडघ्यावर आलेला तोच मॅटाडोर.

"मत जाओ!" तो स्वच्छ हिंदीत टाहो फोडत होता. "चली गई तो फिर कभी तुम्हारा मुँह नहीं देखूँगा!"

आणि राजाभाऊ त्याच्या बरोबरीनं, एकही शब्द न चुकता, तेच पुटपुटत होते.

ऊर्मिलाच्या पायाखालची लाकडी फळी कुरकुरली. मागे वळूनही न बघता राजाभाऊंच्या अंगठ्यानं पटापट दोन बटणं दाबली. मॅटाडोर पुन्हा जर्मनमध्ये रडू लागला.

"कोण, ऊर्मिला का?" ते म्हणाले. "बरं झालं आलीस. आता हा काय म्हणाला गं?"