समासातलं बोलणं

महानगर वस्तीतल्या घरात ऋता वडिलांशी ‘हाँ’, ‘नहीं’पलीकडे बोलत नसे. कॉलेजात मात्र ती त्यांच्याच वर्गात होती. वडिलांनी, म्हणजे जयसिंग सरांनी, एक कथा ऑनलाइन ठेवली होती. मुलांनी तिच्या समासात टिपा लिहायच्या होत्या. ऋताने लिहिलं, ‘इस पिता को बेटी से बात करना नहीं आता.’

सरांनी भीत भीत खाली लिहिलं, ‘शायद डरता है.’

लगेच उत्तर आलं, ‘तो एक बार पूछकर देखे.’

त्या संध्याकाळी जेवताना सरांनी धीर केला. “ऋता, माझ्याशी काही बोलायचंय का गं?”

तिने मोबाइलवरून मान वर केली. “अरे पापा, वो तो कमेंट था. जवाब देना कंपल्सरी है ना, मार्क्स के लिए.”

मुलं आपणहून बोलत नाहीत, म्हणून तो नियम सरांनीच केला होता.