फटीवरची पट्टी

विमानाची झडप वर उठेना.

रणजीत सरांनी रिमोटची दांडी डावीकडे रेटली, उजवीकडे रेटली. पंखातली मोटार नुसतीच कुरकुरली. शिरड शहापूरच्या शाळेचं मैदान गच्च भरलं होतं. मांडवात संस्थेचे अध्यक्ष, गळ्यात हार, हातात माईक. विमानाच्या छंदवर्गाला शिक्षक आज इथंच नेमतो, असं ते नुकतंच बोलून बसले होते. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती : 'निर्मिती – रणजीत सर'. पाटी तेवढी सरांनी स्वतः केली होती.

बाकीचं विमान त्यांच्या बायकोनं, सीमानं केलं होतं. ब्लाउज शिवणारा तिचा हात थर्माकोललाही तसंच वळण देई. मागच्या साली सरांना ज्याचं बक्षीस मिळालं, ते पाणी उपसायचं यंत्रही तिचंच. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

काल संध्याकाळी शेवटचं काम उरलं होतं. पंख आणि त्याच्या मागची हलती झडप, ह्यांच्यामध्ये बारीक फट राहते. तिच्यातून वारा निसटला की झडपेचा जोर जातो आणि विमान वळायला रुसतं. म्हणून फटीवर खालून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. हे काम मात्र सरांनी घेतलं, कारण शेजारचे दोघं बघत बसले होते. त्यांनी झडप सरळ धरली, पट्टी ताणून चिकटवली, वरून अंगठा फिरवला.

"बराबर. आता मुंगीबी शिरत न्हाई."

"अहो, झडप वर उचलून लावा," सीमा हळूच म्हणाली. "गुडघ्याला फडकं बांधताना गुडघा वाकवतेत ना, तसं. न्हाईतर ती हलायचीच न्हाई."

"तू ब्लाउज शिव."

सर पारावर गेले. सीमानं नेहमीसारखं गुपचूप निस्तरलं : पट्टी उपटली, झडप पुरती वर उचलली, नवी पट्टी ढिली सोडून लावली. चुलीपाशी सासूबाई बसल्या होत्या. कौशल्याबाईंच्या तोंडाला गाव भीत असे. सीमाच्या भाकरीला पापुद्रा येत नाही, हे त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच जाहीर केलं होतं. तेव्हापासून पिठाच्या डब्याला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता.

"झाकलंस परत?" त्या म्हणाल्या. "झाक, झाक. मीबी तीस वर्सं झाकलं. तुजे सासरे गावभर हुशार झाले अन् मी नुसती तोंडाळ."

सीमाला तो नेहमीचा टोमणा वाटला. तिनं विमान कोनाड्यात ठेवलं.

आणि आता झडप हलेना.

"बॅटरीची तकलीफ हाय," सर मांडवाकडे बघून हसले. मग बायकोच्या कानाशी लागले. "कर काहीतरी. मांडवामागं घेऊन जा. कुणाला दिसू देऊ नको."

सीमानं विमान उचललं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. शाळेच्या कार्यक्रमाला जन्मात न फिरकलेल्या कौशल्याबाई आज तिथं मधोमध बसल्या होत्या.

"मागं कशाला? तिथं काय चोरी करायची हाय? इथंच कर. समद्यांला दिसू दे."

सीमानं टेबलावर विमान पालथं केलं. पट्टी ताठ होती, ढोलक्याच्या कातड्यासारखी. काल तिनं लावलेली ही नव्हतीच. ह्यांनी परत हात घातला वाटतं, असं मनात म्हणत तिनं ती सोलली आणि शिवणाऱ्या बाईच्या सवयीनं मनगटावर चिकटवून ठेवली. झडप वर उचलली. नवी पट्टी लावली. बोटानं झडप खालीवर केली. मोटार सुरळीत बोलली.

"ताई," अध्यक्ष माईकमधूनच म्हणाले, "तुम्हाला हे कसं काय येतं?"

सीमानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बॅटरी न्याहाळत होता.

"विमान केलंय मीच," ती म्हणाली.

अध्यक्षांनी पाटी वाचली, सीमाकडे पाहिलं आणि माईक बंद केला. मग रिमोट सरांच्या हातून घेऊन तिच्या हातात दिला.

विमान उठलं. हळदीच्या शेतावरून वळलं, शाळेच्या कौलांवरून वळलं, जिथं सांगितलं तिथं वळलं. पोरं ओरडत सुटली. दांडी सांभाळताना सीमाची नजर मनगटावर गेली. सोललेली पट्टी उन्हात चमकत होती. तिच्या चिकट बाजूला एक अंगठा उमटला होता, पांढराफेक, ज्वारीच्या पिठाचा.

तिनं मान वर करून पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघून राहिलीस?" कौशल्याबाई म्हणाल्या. "विमानाकडं बघ."