जशीच्या तशी खोली

माणसांच्या आठवणी जपणारी घरं बांधण्यात आमचे साहेब नावाजलेले आर्किटेक्ट, आणि मी त्यांचा सुतार. त्यांच्या आईला विस्मरणाचा आजार जडला, तेव्हा त्यांनी नव्या बंगल्यात जुन्या घरातली तिची खोली जशीच्या तशी उभी केली. तोच फिकट हिरवा रंग, तीच उंचावरची खिडकी. दाराच्या कडीपर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ.

“साहेब, कडी बाहेरून?” मी विचारलं.

“होती तशीच लाव. दुसऱ्याच्या आठवणीत आपलं डोकं चालवायचं नसतं.”

आई आली. पोटच्या मुलाला ‘डॉक्टर’ म्हणत होती, सुनेला तर ओळखलंच नाही. खोलीच्या दाराशी मात्र थबकली आणि कडीवरून हळूच हात फिरवला.

साहेबांनी मला कोपरानं ढोसलं. “बघ, आठवतंय तिला!”

आई मुकाट्यानं आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.



“लाव कडी, बाळा,” ती म्हणाली. “बाबा ओरडायच्या आत लाव. आता स्टूल नाही लागणार, हात पोचतो तुझा.”