पाण्यातली गाडी

तळ्याकाठच्या वळणावर अख्खी गाडी नजरेत येते. तिथे गार्डाने शेवटच्या डब्यातून वाकून ड्रायव्हरला हिरवा झेंडा दाखवायचा, हा आमचा शिरस्ता. तीस वर्षं मी तेच करत आलोय.

आज बायको आणि लेक पुढच्याच डब्यात होत्या. "बाबा, एकदा तरी तुमचं तळं दाखवा," म्हणून लेक हटूनच बसली होती.

वळण आलं. मी झेंडा धरला. खाली संथ पाण्यात आमची गाडी दिसत होती आणि वाकलेला मीही. फक्त त्या माझ्या हातातला झेंडा लाल होता.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. हिरवाच होता.

वॉकीटॉकीवर ड्रायव्हर म्हणाला, "काका, सगळं ठीक ना? पुढे बोगदा आहे."

पाण्यातली गाडी थांबली होती, मागे पडत होती. माणसं धडाधड उतरत होती. बायकोने लेकीचा हात घट्ट धरला होता. दोघी माझ्याकडे बघून जिवाच्या आकांताने हात हलवत होत्या.

मी ब्रेककडे झेपावलो.

तेवढ्यात पुढच्या खिडकीतून लेक हसत ओरडली, "बाबा, पाण्यात आपली गाडी का दिसत नाही हो?"

आणि इंजिन बोगद्यात शिरलं.