तळमजला

जुन्या घरात लेक धावली की खालचे काका छताला काठी ठोकायचे आणि मी दिवसभर "हळू गं, हळू!" करत तिच्यामागे फिरायचे. "तळमजला मिळू दे, माझा जीव भांड्यात पडेल," म्हणून म्हणून मी नवऱ्याला घर बदलायला लावलं. आज शेवटचं खोकं आत आलं. नवरा लेकीला म्हणाला, "घाल काय तो धिंगाणा! आता आपल्या खाली नुसती जमीन." ती बिचकत दोन पावलं चालली, मग खिदळत सुसाट सुटली. मी दाराला टेकून बघत राहिले. फरशी गुळगुळीत होती, खिडकी थेट रस्त्यावर उघडत होती. "हळू गं!" माझ्या तोंडून गेलंच. "अगं, आता तरी सोड तिला," नवरा थकून म्हणाला. पण ती थांबली होती. चवड्यांवर चालत माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, "आई, इथे खाली कोण राहतं?"