नाशिक रोडचं पाणी, बागलाणची माती

अठ्ठ्याण्णव सालची शाळांच्या मुलींची बास्केटबॉल फायनल संपली, तरी दोन्ही संस्थाचालकांची तोंडं काही बंद होईनात.

“पोरी खेळाव्यात तर आमच्या नाशिक रोडच्याच! इथल्या पाण्यातच आहे ते,” जिंकलेले नानासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले.

“बागलाणनी माती शे, भाऊ! पुढच्या वर्षी दाखवतो,” हरलेले, बागलाणातल्या सटाण्याचे आप्पासाहेब पेटले.

नाशिक रोडच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या ज्योत्स्ना टीचर शेजारीच उभ्या होत्या. वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या त्यांच्या मुली आज मैदानाबाहेर बसून होत्या. दोघांच्या या बढाया ऐकून टीचरना शिसारी आली. राहवेना.

“आणि सर, सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या आदिवासी मुली कशा खेळतात हो?”

“सुरगाणा? तिकडच्या पोरी बॉल बघून झाडावर चढतील!” एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. एकमेकांना टाळी देऊन खदाखदा हसले.

“टीचर, तेवढे जर्सी-बूट जमा करून घ्या,” नानासाहेबांनी फर्मावलं.

 

जर्सी-बूट काढून दिल्यावर दोन्ही टीमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, अनवाणीच, सुरगाण्याला निघालेल्या एकाच काळ्यापिवळ्या जीपमध्ये जाऊन बसल्या.